ओळंबा, लंबक आणि पोकळ हिमालय

आमच्या घरी भिंतीवर एक लंबकाचं घड्याळ होतं. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, वडील स्टुलावर उभे राहून त्याला चावी देत. चावी देऊन झाली की काचेचं दार लगेच बंद करत नसत. रेडिओवर बातम्यांची वेळ होईपर्यंत थांबत, घड्याळ किती मागे-पुढे आहे ते पाहत आणि लंबकाच्या तळाशी असलेली बारीक पितळी चकती बोटाच्या नखाने किंचित फिरवत. एप्रिल-मे महिन्यात चकती वर जायची, दिवाळीनंतर खाली यायची. "उन्हाळ्यात हा सुस्तावतो," एवढंच ते म्हणायचे. वर्ध्याच्या उन्हाळ्यात माणसंही सुस्तावतात, त्यामुळे मला त्यात काही विशेष वाटत नसे.

पुढे कधीतरी कळलं की सुस्तावणं म्हणजे पितळी दांडी तापून लांब होणं. हिवाळा आणि उन्हाळा यांच्या सरासरी तापमानात अठरा-वीस अंशांचा फरक धरला, तर पितळी दांडीचं घड्याळ दिवसाला पंधरा सेकंदांच्या आसपास मागे पडतं, म्हणजे आठवड्याला पावणेदोन मिनिटं. वडिलांच्या नखाने दुरुस्त होत होती ती एवढी चूक. मी विज्ञानाचा पदवीधर नाही. हिशेबनीसाची नोकरी केली आणि उरलेल्या वेळात जुनी पुस्तकं वाचली. पण लंबकाबद्दल जे जे वाचत गेलो त्यातून एक गोष्ट वारंवार समोर आली. लंबकाचा इतिहास आपण त्याच्या नियमितपणाचा इतिहास म्हणून सांगतो. प्रत्यक्षात त्याने मोठी कामं केली ती नियम मोडून. जिथे जिथे लंबक 'चुकला', तिथे तिथे माणसाला पृथ्वीबद्दल काहीतरी नवं कळलं. त्यातली सर्वांत मोठी 'चूक' आपल्या देशात, लडाखच्या पठारावर मोजली गेली आणि ती मोजणारा माणूस परत आला नाही. या लेखात मुख्यतः त्याची गोष्ट सांगायची आहे. पण तिथवर पोचण्यासाठी थोडं मागून यावं लागेल.

१

लंबकाची गोष्ट नेहमी पिसाच्या कॅथेड्रलपासून सुरू होते. छताला टांगलेला दिवा झुलतो आहे, तरुण गॅलिलिओ स्वतःच्या नाडीच्या ठोक्यांवर त्याचे झोके मोजतो आहे. ही कथा गॅलिलिओचा शिष्य विव्हियानी याने गुरूच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या चरित्रात येते. आज पर्यटकांना जो दिवा दाखवतात तो त्या कथेतल्या सालानंतर बसवलेला आहे. कथा खरी असो वा नसो, १६०२च्या नोव्हेंबरात गॅलिलिओने गुइदोबाल्दो देल मोन्ते याला लिहिलेलं पत्र मात्र खरं आहे. त्यात तो लंबकाच्या झोक्यांचा काळ सारखाच असतो, झोका मोठा असो की लहान, हे पटवून द्यायचा प्रयत्न करतो.

हे प्रथमदर्शनी पटत नाही. लांबचा झोका घ्यायला जास्त वेळ लागायला हवा. लागत नाही, कारण लंबक मध्यापासून जितका दूर नेला तितकी त्याला मध्याकडे ओढणारी ताकदही वाढते. जास्त अंतर, पण तितकाच जास्त वेग. हिशेब जवळजवळ जुळतो. 'जवळजवळ' हा शब्द महत्त्वाचा आहे. वर्तुळाच्या कमानीवर झुलणाऱ्या लंबकाला तीस अंशांपर्यंत ओढून सोडलं तर झोका सुमारे पावणेदोन टक्क्यांनी लांबतो. नव्वद अंशांपर्यंत ओढलं तर अठरा टक्क्यांनी. दोन-तीन अंशांच्या आतल्या झोक्यांमध्ये मात्र फरक इतका बारीक असतो की नाडीच्या ठोक्यांवर तो कधीच पकडला गेला नसता.

दुसरी गोष्ट त्याहून नवलाची. लंबकाच्या टोकाला लाकडाचा गोळा असो की शिशाचा, काळ तोच. जड वस्तूला पृथ्वी जास्त ओढते, पण जड वस्तू हलवायलाही तितकंच जास्त बळ लागतं. दोन्ही गोष्टी एकमेकींना खोडतात. मग झोक्याचा काळ ठरवायला दोनच गोष्टी उरतात, लंबकाची लांबी आणि त्या जागेवरचं पृथ्वीचं ओढणं. लांबी चौपट केली तर काळ दुप्पट होतो. ओढणं कमी झालं तर लंबक संथ होतो. एका बाजूने एका सेकंदात जाणाऱ्या लंबकाची लांबी एक मीटरला सहा-सात मिलिमीटर कमी असते, हेही याच नियमातून येतं.

हॉलंडच्या क्रिस्तियान हायगेन्सने १६५६च्या डिसेंबरात या नियमावर घड्याळ बांधलं. त्याआधीची घड्याळं दिवसाला पाव तास इकडे-तिकडे होत. लंबक बसल्यावर ही चूक दिवसाला काही सेकंदांवर आली. हायगेन्सचं समाधान तेवढ्यावर झालं नाही. झोका लहान-मोठा झाला तरी काळ अजिबात बदलू नये असा मार्ग त्याने गणिताने शोधला. लंबकाचा गोळा वर्तुळावरून न जाता चक्रजावरून गेला पाहिजे. चक्रज म्हणजे रस्त्यावरून धावणाऱ्या बैलगाडीच्या चाकाच्या धावेवरचा एक ठिपका हवेत जी कमान काढतो ती, फक्त उलटी केलेली. १६७३ साली छापलेल्या त्याच्या ग्रंथात हे सगळं आहे. गणित देखणं होतं. घड्याळजींनी मात्र झोका लहान ठेवायचा सोपा रस्ता धरला.

२

हायगेन्सचा ग्रंथ छापला जात होता त्याच सुमारास, अटलांटिकपलीकडे एक फ्रेंच खगोलनिरीक्षक आपल्या घड्याळावर वैतागलेला होता. झाँ रिशेर १६७२ साली पॅरिसच्या अकादमीकडून दक्षिण अमेरिकेतल्या कायेन बेटावर गेला तो मंगळाची निरीक्षणं घ्यायला. पॅरिसला बिनचूक चालणारं त्याचं घड्याळ कायेनला दिवसाला अडीच मिनिटं मागे पडू लागलं. ताऱ्यांशी ताडून पाहिलं, तेच. शेवटी त्याने लंबक सव्वा 'लिन्य' म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटरनी आखूड केला, तेव्हा सेकंद जुळले.

परतल्यावर शंका घेणारे होतेच. कायेन विषुववृत्ताच्या उत्तरेला केवळ पाच अंशांवर, उकाड्याचा प्रदेश. लोखंडी दांडी तापून वाढली असणार. माझ्या वडिलांचीच मीमांसा. पण हिशेब करून पाहिला तर अडीच मिनिटांच्या चुकीसाठी लोखंडी दांडी जवळपास तीनशे अंशांनी तापायला हवी. एवढ्या उकाड्यात लंबकाआधी निरीक्षकच शिजला असता.

न्यूटनने ही चूक उचलली. १६८७च्या 'प्रिन्सिपिया'च्या तिसऱ्या भागात त्याने रिशेरच्या लंबकाला साक्षीदार म्हणून उभं केलं. उष्णतेचा परिणाम असतो, पण तो पुरा पडत नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून विषुववृत्ताशी फुगलेली आणि ध्रुवांशी दबलेली आहे. विषुववृत्तावरचा माणूस केंद्रापासून दूर आहे आणि फिरण्यामुळे त्याचं वजनही थोडं कमी भरतं. म्हणून तिथे ओढणं कमी, म्हणून लंबक संथ. आजच्या आकड्यांनी पॅरिस ते कायेन हा फरक दिवसाला दोन मिनिटांहून थोडा जास्त येतो. रिशेरचं मोजमाप किती सच्चं होतं हे यावरून कळेल.

इथे लंबकाची भूमिका बदलली. वेळ सांगणारं यंत्र आता पृथ्वीचं ओढणं तोलणारा काटा झालं. जगात कुठेही लंबक घेऊन जा, दिवसभरातले झोके मोजा, तिथलं गुरुत्वाकर्षण तो सांगेल. पेरूला गेलेल्या फ्रेंच मोहिमेतल्या पिएर बूगेरने तो अँडीज पर्वतावर नेला आणि १७४९च्या आपल्या ग्रंथात दोन परिणाम वेगळे केले. डोंगरावर चढलं की पृथ्वीच्या केंद्रापासून आपण दूर जातो, ओढणं घटतं. पण पायाखाली डोंगराचा दगड असतो, तो स्वतः ओढतो, त्यामुळे ओढणं थोडं वाढतं. ही वजाबाकी आणि बेरीज लक्षात ठेवावी. पुढची गोष्ट तिच्यावरच उभी आहे.

३

आता भारतात येऊ. १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्टनने पायारेषा मोजून देशाच्या मोजणीला हात घातला. दक्षिण टोकापासून उत्तरेकडे त्रिकोणांची साखळी बांधत जाणारं हे काम पुढे 'ग्रेट ट्रिगनॉमेट्रिकल सर्व्हे' म्हणून ओळखलं गेलं. ही साखळी आपल्या महाराष्ट्रातून गेली आहे. लॅम्टन १८२३च्या जानेवारीत कामावर असतानाच आमच्या जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला, त्याची कबर तिथेच आहे. त्याच्या जागी आलेला जॉर्ज एव्हरेस्ट वऱ्हाडातल्या टाकलखेडा या ठाण्यावर एका शंकेपाशी अडला. उत्तरेला सातपुड्याचा डोंगराळ प्रदेश आहे. तो आपला ओळंबा स्वतःकडे ओढत तर नसेल?

ओळंबा म्हणजे गवंड्याच्या हातातला तोच. दोरीला टांगलेलं वजन. भिंत सरळ आहे की नाही हे तो सांगतो, कारण तो नेमका खाली पाहतो असा आपला विश्वास असतो. आकाशातले तारे पाहून अक्षांश काढायचे तर 'नेमकं वर' कुठे आहे हे माहीत हवं आणि ते ओळंब्यावरूनच ठरतं. ओळंबा डोंगराकडे किंचित जरी कलला, तरी अक्षांश चुकणार.

ही शंका पुढे मोठ्या प्रमाणावर खरी ठरली. मध्य भारतातलं सिरोंजजवळचं कल्याणपूर आणि मुजफ्फरनगरजवळचं कलियाना ही दोन ठाणी एकाच रेखांशाच्या पट्ट्यात, सुमारे सहाशे किलोमीटर अंतरावर. जमिनीवरच्या त्रिकोणांवरून दोहोंमधलं अक्षांशाचं अंतर काढलं आणि ताऱ्यांवरूनही काढलं. दोन उत्तरांत ५.२३६ विकलांचा फरक आला. एक विकला म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग. जमिनीवर हा फरक दीडशे मीटरच्या थोडा वर भरतो. सहाशे किलोमीटरांत दीडशे मीटर ही चूक किरकोळ वाटेल, पण या मोजणीच्या काटेकोरपणापुढे ती अक्षम्य होती.

कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन हेन्री प्रॅट हे धर्मगुरू होते आणि केंब्रिजमध्ये शिकलेले गणितीही. त्यांनी ठरवलं की दोष हिमालयाचा असला तर हिमालयाचं ओढणं मोजूनच काढावं. कलियाना पर्वताच्या जवळ, कल्याणपूर दूर, म्हणजे तिथला ओळंबा इथल्यापेक्षा जास्त कलणार. हिमालय आणि त्यामागच्या पठाराचे तुकडे पाडून त्यांनी एकेकाचा हिशेब केला. उत्तर आलं १५.८८५ विकला. म्हणजे खऱ्या फरकाच्या तिप्पट. चूक समजावून सांगायला निघालेल्या गणिताने चूक वाढवून ठेवली. हिमालय ओढत होता हे खरं, पण एवढ्या मोठ्या पर्वताने जितकं ओढायला हवं त्याच्या एक तृतीयांशच.

इंग्लंडचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी १८५५ साली, प्रॅट यांच्या निबंधामागोमाग, याचं उत्तर सुचवलं. पाण्यात तरंगणारे लाकडी ओंडके पाहा, ते म्हणाले. जो ओंडका पाण्याच्या वर जास्त दिसतो, तो पाण्याखालीही जास्त खोल गेलेला असतो. पर्वतांचं तसंच असावं. हिमालयाखाली हलक्या खडकाचं मूळ खोलवर गेलेलं असेल आणि तिथे जड द्रव्याची जागा त्याने घेतली असेल. वर जेवढी भर, खाली जवळपास तेवढी तूट. प्रॅट यांनी नंतर स्वतःची वेगळी मांडणी केली, की पर्वताखालचं द्रव्यच विरळ असावं, ऊन लागून फुगलेल्या पिठासारखं. ही उपमा माझी, कल्पना त्यांची. दोघांचं म्हणणं एका ठिकाणी मिळत होतं. हिमालय दिसतो तेवढा भरीव नाही, खाली काहीतरी कमी आहे.

पण ओळंबा फक्त कल सांगतो, आडवं ओढणं. खाली तूट आहे की नाही हे पाहायचं तर नेमकं त्या वस्तुमानावर उभं राहून खालचं ओढणं तोललं पाहिजे. त्याला ओळंबा पुरत नाही. तोच ओळंबा झुलवावा लागतो. झुलता ओळंबा म्हणजे लंबक.

४

लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष एडवर्ड सॅबीन स्वतः तरुणपणी लंबक घेऊन उत्तरेच्या बर्फापर्यंत फिरलेले. त्यांच्या पाठपुराव्यामुळे सोसायटीने आपले दोन पितळी लंबक भारताच्या सर्वेक्षणाला दिले. १८६५पासून हे काम कॅप्टन जेम्स पॅलॅडिओ बेसेव्ही या अभियंत्याकडे आलं. पॅलॅडिओ हे नाव इटलीच्या थोर वास्तुशिल्पकाराचं. वडील जॉर्ज बेसेव्ही केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयाचे वास्तुशिल्पी होते. १८४५ साली ईली इथल्या कॅथेड्रलचं काम पाहताना मनोऱ्यातून पडून ते वारले. जेम्स तेव्हा तेरा वर्षांचा होता.

लंबक दिसायला साधा होता. चार-पाच फूट लांबीची पितळेची चपटी पट्टी, खालच्या अंगाला जड तबकडी, वर पोलादी धार. ही धार अकीकाच्या गुळगुळीत पाट्यांवर टेकायची आणि तिच्यावर लंबक झुलायचा. त्याला कमान नाही, चावी नाही, चाकं नाहीत. हलकेच सोडून द्यायचा आणि थांबेपर्यंत पाहायचं.

मोजायची युक्ती हेन्री केटर यांनी रूढ केलेली. मागे एक नेहमीचं लंबकाचं घड्याळ, पुढे हा सुटा लंबक, समोर दुर्बीण. दोघांचे झोके जवळपास सारखे, पण अगदी सारखे नाहीत. म्हणून एका क्षणी दोघे एकत्र मधून जातात, मग हळूहळू एकजण मागे पडतो आणि काही मिनिटांनी पुन्हा दोघांची गाठ पडते. भजनात दोन टाळकऱ्यांची लय किंचित वेगळी असली की मधेच समेवर एकत्र येतात, तसंच. समजा दोन गाठींच्या दरम्यान घड्याळाने ५३० झोके घेतले आणि लंबकाने ५२८. गाठ ओळखण्यात एका झोक्याची चूक झाली, तरी दिवसाच्या शहाऐंशी हजार झोक्यांत एका झोक्याचाही फरक पडत नाही. अशा अनेक गाठींची सरासरी घेतली की चूक आणखी खाली येते. घड्याळ स्वतः बरोबर आहे ना, हे रोज रात्री ताऱ्यांशी ताडून पाहायचं.

मग दुरुस्त्या. झोका एक अंशाचा असेल तर दिवसाला दीड झोक्याची. तापमान एक सेल्सिअस अंशाने चुकलं तर जवळपास आठ दशांश झोक्याची. हवेच्या तरंगवण्याची आणि अडवण्याची. या शेवटच्या कटकटीतून सुटण्यासाठी लंबक एका बंद पात्रात ठेवून पंपाने आतली हवा काढत. हा पंप, ते पात्र, दोन लंबक, घड्याळ, दुर्बिणी, तापमापकं, हे सगळं लटांबर बैलगाड्यांतून आणि माणसांच्या खांद्यांवरून देशभर फिरलं. सर्वेक्षणाच्या छापील ग्रंथांत साहेबांची नावं येतात आणि खलाशी व हमाल बहुधा संख्येनेच येतात. पोलादाची ती धार बोथट न होऊ देता हजारो मैल नेण्यात त्या न छापलेल्या हातांचा वाटा किती, हे ज्याने कधी काचेचं कपाट बैलगाडीतून नेलं असेल त्याला सांगायला नको.

दक्षिण टोकापासून डेहराडून-मसुरीपर्यंत, किनाऱ्यावर आणि आतल्या भागात ठाणी झाली. त्यांत आपलं मुंबईचं कुलाबाही होतं. हळूहळू एक चित्र उमटू लागलं. किनाऱ्यावर ओढणं अपेक्षेपेक्षा जास्त, आत जावं तसतसं कमी. अरबी समुद्रातल्या चिमुकल्या मिनिकॉय बेटावर ते ठळकपणे जास्त होतं. म्हणजे समुद्राखालचा कवच-थर भरीव आणि जमिनीखालचा हलका. एअरी आणि प्रॅट जे म्हणत होते त्याच्याशी हे जुळत होतं. उरला होता खरा कस, हिमालयाच्या पोटातलं उंच पठार.

५

मनालीहून लेहला मोटरसायकलवर किंवा गाडीने गेलेल्या वाचकांनी पांगनंतर लागणारं मोरे मैदान पाहिलं असेल. मैलोगणिक सपाट, झाड नाही, वारा थांबत नाही. १८७१च्या उन्हाळ्यात बेसेव्हीने लंबक इथे आणला. ठाण्याची उंची १५,४२७ फूट, म्हणजे सुमारे ४,७०० मीटर.

इथे कोणता प्रश्न विचारला जात होता, हे मी माझ्यापुरतं असं मांडून पाहिलं. सेकंदाचा लंबक दिवसात ८६,४०० झोके घेतो. त्याच अक्षांशावर, पण समुद्रसपाटीला ठेवला असता, त्या मानाने मोरेला पृथ्वीच्या केंद्रापासून दूर गेल्यामुळे तो दिवसाला सुमारे ६४ झोके मागे पडेल. पण पायाखाली ४,७०० मीटर जाडीचा दगड आहे. तो भरीव असेल आणि त्याखाली कसलीही तूट नसेल, तर त्याच्या ओढण्याने सुमारे २३ झोके परत मिळतील आणि तूट ४१ची राहील. उलट एअरी म्हणतात तसं खाली हलकं मूळ असेल, तर ते २३ झोके मिळणारच नाहीत आणि तूट ६४च्या आसपास राहील. ४१ की ६४? हिमालय खाली भरीव की हलका, हा प्रश्न दिवसाच्या तेवीस झोक्यांवर आला होता.

तेवीस झोके मोजायचे, तर तापमान अंशाच्या अपूर्णांकापर्यंत माहीत हवं. तंबूत दुपारी ऊन आणि रात्री पाणी गोठवणारी थंडी, अशा जागी. पंप हाताने मारायचा. समुद्रकाठी जे श्रम वाटत नाहीत ते तिथे छातीत भरतात, लडाखला गेलेल्यांना हे ठाऊक आहे. रात्री तारे, दिवसा झोके. बेसेव्हीने मोरेची निरीक्षणं पूर्ण केली. त्यानंतर आणखी उंच जागी आणखी एक ठाणं करायचा त्याचा बेत होता. ते झालं नाही. थंडी, विरळ हवा आणि अतिश्रम यांनी गाठलं. १७ जुलै १८७१ रोजी लडाखमधल्या आपल्या छावणीत तो वारला. वय एकोणचाळीस. योगायोग असा, की ज्यांच्या गणितातून हा प्रश्न उभा राहिला ते प्रॅटही त्याच वर्षाच्या डिसेंबरात गेले.

बेसेव्हीचं उरलेलं काम कॅप्टन हेविसाइड यांनी पूर्ण केलं. लंबक एडन आणि इस्माइलियामार्गे परत इंग्लंडला, क्यू वेधशाळेत नेऊन तिथे पुन्हा झुलवले. निघताना होते तसेच परतताना आहेत ना, हे पाहण्यासाठी. सगळा वृत्तांत सर्वेक्षणाच्या ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात १८७९ साली छापला गेला. मोरेच्या लंबकाने कौल दिला होता तो एअरी आणि प्रॅट यांच्या बाजूने. दगडाच्या भरीमुळे जे झोके परत मिळायला हवे होते, ते मिळाले नव्हते. पर्वताचं वजन खाली कुठेतरी फिटलं होतं. या कल्पनेला अमेरिकन भूवैज्ञानिक क्लॅरेन्स डटन यांनी पुढे 'आयसोस्टसी' हे नाव दिलं. मराठीत त्याला समस्थायित्व म्हणतात.

६

गोष्ट इथे संपवली तर ती हौतात्म्याची होईल आणि वाचायला बरी वाटेल. पण ती इथे संपत नाही.

बेसेव्ही वारल्यानंतर काही वर्षांतच अमेरिकेत चार्ल्स पर्स यांनी एक अडचण उघड केली. लंबक झुलतो तेव्हा तो ज्यावर टांगला आहे ती घडवंचीही केसभर हलते. लंबक उजवीकडे गेला की घडवंची त्याच्या तालावर किंचित झुकते. यामुळे लंबक जणू थोडा लांब झाल्यासारखा वागतो आणि संथ होतो. संथ लंबक म्हणजे कमी ओढणं, असं आपण वाचणार. म्हणजे आपण पृथ्वीत जी तूट वाचतो तिच्यातला काही भाग खाली, पृथ्वीत नसून समोरच्या लाकडाच्या सांगाड्यात असू शकतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी सर्वेक्षणाच्या लेनॉक्स-कॉनिंगहॅम यांनी नव्या धर्तीचे आखूड लंबक आणून डेहराडून-मसुरी भागातली ठाणी पुन्हा मोजली. घडवंचीचं हलणंही मोजलं. बेसेव्हीचे आकडे खऱ्यापेक्षा कमी निघाले. हिमालयाखाली काही प्रमाणात तूट होतीच, पण तूट वाटते तेवढी सगळी पर्वताची नव्हती.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाईट वाटलं. आयुष्यभर हिशेब तपासलेल्या माणसाला ही भीती ओळखीची असते. एका आकड्यासाठी रात्री जागवायच्या आणि नंतर कळायचं की तराजूच एका बाजूला झुकलेला होता. बेसेव्हीचं मरण मग एका चुकीच्या आकड्यासाठी झालं का?

बरेच दिवस हा प्रश्न मी बाळगला. आता मला तसं वाटत नाही आणि त्याचं कारण भावनिक नाही. पर्वताखाली तूट आहे हा त्याच्या लंबकाचा कौल दुरुस्तीनंतरही टिकला. किती आहे, हा आकडा बदलला. शिवाय चूक सापडली ती कशी? मागे मोजलेली ठाणी होती, त्यांचे छापलेले आकडे होते, म्हणून नव्या मोजणीला ताडून पाहायला काहीतरी मिळालं. हिशेबाच्या वहीत खाडाखोड न करता लिहिलेली चूक पुढच्या माणसाला सापडते. न लिहिलेला हिशेब बरोबरही नसतो आणि चूकही नसतो. रिशेरने आपलं घड्याळ बिघडलं असं समजून गप्प राहून चकती फिरवली असती, तर न्यूटनला साक्षीदार मिळाला नसता. प्रॅट यांनी तिप्पट आलेलं उत्तर लाजून दडवलं असतं, तर एअरींना ओंडके आठवले नसते.

गॅलिलिओपासून कॉनिंगहॅमपर्यंत प्रत्येक पायरीवर कोणीतरी लंबकावर एक आरोप ठेवला. झोका मोठा झाला म्हणून चुकला, तापला म्हणून चुकला, हवेने अडवलं म्हणून चुकला, घडवंची हलली म्हणून चुकला. एकेक आरोप मोजून वेगळा काढत गेल्यावर जे शेवटी उरलं, ती पृथ्वी होती. आज गुरुत्व मोजणारी यंत्रं वेगळी आहेत. निर्वातात पडणाऱ्या वस्तूचा लेसरने माग घेतात, उपग्रहांवरूनही मोजतात. पण पद्धत तीच, आधी स्वतःच्या यंत्राचे दोष मोजायचे आणि मग जगाबद्दल बोलायचं.

वडील गेल्यावर घड्याळ माझ्याकडे आलं. ते अजून चालतं. उन्हाळ्यात मागे पडतं. मी मात्र चकती फिरवत नाही. रविवारी चावी देतो, किती मिनिटं मागे आहे ते पाहतो, शेजारच्या वहीत तारीख आणि आकडा लिहितो आणि काचेचं दार लावून घेतो.